आईच्या डोळ्यातले प्लास्टिक

प्लास्टिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? मोरीतली बादली, पाण्याचा पिंप, बाजाराची पिशवी, पावसाळी चपला. पितळेच्या जागी प्लास्टिक आले, पत्र्याच्या जागी प्लास्टिक आले आणि नाल्यात तुंबलेले प्लास्टिक उपसण्याचे कामही बहुतांशी आपल्याच वस्तीतल्या माणसांच्या वाट्याला आले. त्यामुळे हा पदार्थ आपल्याला स्वस्त, सोयीचा आणि जरा हलक्या प्रतीचा वाटतो. मात्र याच जातीचा पदार्थ माणसाच्या शरीरात जाऊन बसतो, वर्षानुवर्षे राहतो आणि गेलेली दृष्टी परत मिळवून देतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? मलाही नव्हते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमा आणि नावे या दोन बाजूंपलीकडे माझे शिक्षण गेले नाही. मला हे कळले ते घरातल्या दोन बायकांमुळे. एक माझी आई आणि दुसरी माझी भाची.

दोन वर्षांपूर्वी आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर तिने डॉक्टरांना विचारले, ‘‘काय घातलं वं डोळ्यात?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘आजी, भिंग घातलंय. प्लास्टिकचं.’’ आई विचारात पडली आणि म्हणाली, ‘‘म्हंजी बादलीचंच का?’’ सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरही हसले आणि म्हणाले, ‘‘बादलीचं नाही, पण बादलीच्या भावकीतलंच समजा.’’ त्यानंतर महिनाभर जो कोणी भेटायला येईल त्याला आई मोठ्या अभिमानाने सांगत असे, ‘‘माझ्या डोळ्यात पलास्टिक हाय!’’

माझी भाची त्या वेळी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय रसायनशास्त्र. तिने मला समजावून सांगितले, ‘‘मामा, ते अ‍ॅक्रिलिक. पॉलिमर. मला पुढे हेच शिकायचंय.’’ आणि इथून आमच्या घरात प्रश्न उभा राहिला. ताई आणि दाजी दोघेही कष्ट करणारे. भाचीच्या पाठीवर दोन भावंडे. एका औषध कंपनीत तपासनीस म्हणून नोकरीची संधी समोर होती. दाजी म्हणाले, ‘‘मुलगी शिकली पाहिजे यात वादच नाही. पण किती? दोन वर्षं एम.एस्सी., मग पाच वर्षं संशोधन. आणि एवढं करून ही माणसं आयुष्यभर करतात तरी काय?’’

प्रश्न रास्त होता. दाजींना मी काय उत्तर देणार? तेव्हा मी ठरवले की, या विषयात ज्याने आयुष्य घालवले अशा एका तरी माणसाची कहाणी मुळापासून वाचायची. भाचीने नाव सुचवले, ग्रंथालयात पुस्तके मिळाली, रसायनशास्त्राचा भाग तिने समजावला. त्या माणसाचे नाव ऑटो विख्टर्ले. देश त्या काळचा चेकोस्लोव्हाकिया. डोळ्यात घालायचे मऊ भिंग, ज्याला आपण कॉन्टॅक्ट लेन्स म्हणतो, ते त्याने घडवले. त्याची कहाणी वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

विख्टर्लेचा जन्म २७ ऑक्टोबर १९१३ रोजी मोराव्हिया प्रांतातील प्रोस्त्येयोव या गावी झाला. आधीच सांगतो, तो गरिबाघरचा नव्हता. त्याच्या वडिलांची शेतीची अवजारे बनविण्याच्या कारखान्यात भागीदारी होती. मुलाने ठरवले असते तर तयार गादीवर बसता आले असते. तो मात्र प्रागच्या तंत्रविद्यापीठात रसायनशास्त्र शिकला. १९३६ साली शिक्षण पूर्ण झाले आणि पुढे अध्यापनासाठी लागणारा प्रबंधही तयार झाला. आता विद्यापीठात शिकवायला लागायचे एवढेच बाकी होते.

तेवढ्यात हिटलरचे सैन्य आले. १७ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझींनी चेक विद्यापीठांना कुलपे ठोकली. नऊ जणांना गोळ्या घातल्या, बाराशेहून अधिक विद्यार्थ्यांना छळछावणीत धाडले. हाच दिवस पुढे जगभर विद्यार्थी दिन म्हणून पाळला जाऊ लागला. गुलाम केलेल्या लोकांचे शिक्षण आधी बंद करायचे, ही रीत साऱ्या जगात सारखीच आहे. आपल्याला ती कोणी वेगळी समजावून सांगायला नको.

विद्यापीठ बंद झाले, तेव्हा विख्टर्लेला आसरा मिळाला तो बाटा कंपनीत. होय, आपल्या पायातली तीच बाटा! आपल्यातील कित्येकांना ती देशी कंपनी वाटते. तिचा जन्म मात्र १८९४ साली चेक मुलखातल्या झ्लीन या गावी झाला. त्या कारखान्याच्या संशोधन विभागात विख्टर्ले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नायलॉनच्या जातीचा धागा तयार केला. तोच पुढे सिलॉन या नावाने त्या देशात घरोघरी पोहोचला. जर्मन अमलाखाली हे काम चालू असतानाच १९४२ साली गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला पकडून नेले. काही महिन्यांनी सुटका झाली.

महायुद्ध संपले, विद्यापीठे उघडली आणि हा माणूस पुन्हा फळ्यापाशी उभा राहिला. त्याने पाठ्यपुस्तके लिहिली, प्लास्टिकच्या तंत्रज्ञानाचा नवा विभाग उभा केला. १९५२ साली प्रागमध्ये रासायनिक तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था निघाली, तिथे तो अधिष्ठाता झाला. वाचणाऱ्याला वाटावे, आता गाडी रुळावर आली.

आणि खरोखर गाडीतच पुढची गोष्ट घडली. १९५२ सालीच तो आगगाडीने प्रागला निघाला होता. शेजारचा प्रवासी एका मासिकात डोळ्याच्या शस्त्रक्रियेविषयी वाचत होता. निकामी डोळ्याच्या जागी धातूचा भाग बसविण्याची ती माहिती होती. विख्टर्ले न राहवून बोलला की, जिवंत शरीरात धातू कशाला? त्यासाठी योग्य असे प्लास्टिक बनवता येईल. शेजारचा प्रवासी आरोग्य खात्यातला अधिकारी निघाला. बोलणे वाढत गेले. प्रागला उतरेपर्यंत विख्टर्लेच्या डोक्यात नवा विषय पक्का झाला होता.

त्याला कसला पदार्थ हवा होता? शरीराला न टोचणारा, मऊ, पाणी धरून ठेवणारा, तरीही न विरघळणारा. भाचीने मला हे ज्या पद्धतीने समजावले त्याच पद्धतीने सांगतो. पॉलिमर म्हणजे माळ. एकसारखे हजारो मणी ओवले की माळ होते. काही मणी असे असतात की त्यांना पाण्याची ओढ असते. अशा मण्यांच्या माळा पाण्यात टाकल्या तर त्या पाणी ओढतात आणि शेवटी विरघळून जातात. पण गोधडीला घालतो तसे मधूनमधून टाके घालून या माळा एकमेकींना जोडून टाकल्या, तर? पाणी आत शिरते, पदार्थ फुगतो, पण टाक्यांमुळे विरघळत नाही. फालुद्यातला सब्जा आठवा. कोरडे बी पाण्यात पडले की त्याच्याभोवती गिळगिळीत, पारदर्शक वेष्टन तयार होते. साधारण तसाच हा प्रकार. याला हायड्रोजेल म्हणतात, म्हणजे पाणी धरणारी जेली. ज्या मण्यांपासून विख्टर्लेच्या चमूने जेली केली, त्याचे लांबलचक नाव हायड्रॉक्सी-इथिल मेथाक्रिलेट. शास्त्रज्ञ आद्याक्षरे घेऊन त्याला हेमा म्हणतात! हे नाव ऐकल्यावर आई म्हणाली, ‘‘बघ, पोरीचंच नाव ठेवलंय.’’

हा हेमाचा पदार्थ प्रत्यक्ष प्रयोगशाळेत बनवला तो विख्टर्लेचा तरुण सहकारी द्राहोस्लाव लीम याने. १९५३ साली दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९६० साली ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात दोघांच्या नावाने त्यावर लेख आला. तो दोनच पानांचा आहे. पण जीवित शरीरासाठी खास विचार करून बनवलेल्या पॉलिमरांच्या शास्त्रात त्या दोन पानांना मोठा मान आहे. सहकाऱ्याचे नाव बरोबरीने छापले गेले, हे मला विशेष वाटले. कारण साहेबाच्या सहीखाली हाताखालच्या माणसाचे काम दडून जाणे, हे कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही परिचयाचे आहे.

आता हा पदार्थ डोळ्यासाठीच का? डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. तो हवेतला प्राणवायू अश्रूंमधून घेतो. त्या काळी कॉन्टॅक्ट लेन्स होत्या, परंतु त्या कडक अ‍ॅक्रिलिकच्या. त्यांच्यातून प्राणवायू जवळजवळ जात नसे आणि डोळ्याला खुपत असत. हेमाच्या भिंगात शंभरात सुमारे अडतीस भाग पाणी असते. ते ओलसर, मऊ असते आणि पाण्यावाटे प्राणवायू आत पोहोचू शकतो. कल्पना उत्तम होती. अडचण होती घडवण्याची. दोन साच्यांत दाबून भिंग केले की काढताना कडा फाटत. प्रागच्या नेत्ररुग्णालयात डॉ. माक्सिमिलियन ड्रायफुस यांनी रुग्णांवर चाचण्या केल्या. भिंग सोसते हे दिसले, पण नीट कडांचे भिंग हाती येईना.

याच सुमारास त्याच्यावर दुसरा घाव बसला. १९४८ पासून तिथे कम्युनिस्ट पक्षाची सत्ता होती. १९५८ साली राजकीय साफसफाईत विख्टर्लेला आणि इतर अनेक अध्यापकांना संस्थेतून काढून टाकले. जो विभाग स्वतः उभारला, त्याच्या दारातून बाहेर. मात्र त्याच्या आदल्या वर्षी, १९५७ साली, प्रागमध्ये पॉलिमरशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद त्याने यशस्वी करून दाखवली होती. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याचे काम पाहिले होते. त्यामुळे देशात या विषयाची स्वतंत्र संशोधन संस्था हवी, हे सरकारलाही मान्य करावे लागले. १९५९ साली विज्ञान अकादमीची ही संस्था सुरू झाली आणि विख्टर्ले तिचा संचालक झाला. म्हणजे ज्याला विद्यार्थ्यांसमोर उभे राहायला नालायक ठरवले, त्याच्यावाचून संशोधन मात्र चालेना!

तरीही भिंगाचे काम अडलेच. आरोग्य खात्याने ठरवले की यातून काही निघणार नाही, हे काम बंद करावे. वाचकहो, मी गेली वीस वर्षे कचेरीत बसतो आहे. ‘दप्तरी दाखल करावे’ हे तीन शब्द फाईलवर पडले की त्या कागदाचे काय होते, ते मला माहीत आहे. फाईल रॅकवर जाते, तिच्यावर धूळ बसते, अर्जदार म्हातारा होतो. विख्टर्लेच्या कामावर नेमका तोच शेरा पडला होता.

पण माणसाने काम घरी नेले. १९६१ सालचे अखेरचे दिवस होते, नाताळची सुटी होती. त्याच्या मुलांकडे मेर्कुर नावाचे खेळणे होते. आपल्याकडे मेकॅनो मिळते तसे: भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, स्क्रू, चाके. त्या पट्ट्या जोडून त्याने जेवणाच्या टेबलावर एक यंत्र उभे केले. सायकलच्या दिव्याचा डायनामो मोटर म्हणून वापरला आणि त्याला वीज दिली दारावरच्या घंटीच्या ट्रान्सफॉर्मरमधून. छोटे खोलगट साचे हाताने तयार केले. साच्यात हेमाचे द्रावण टाकायचे आणि साचा गरगर फिरवायचा. चहाचा कप चमच्याने जोरात ढवळला की मध्ये खळगा पडतो आणि चहा कडेला चढतो, हे आपण रोज पाहतो. तसेच फिरत्या साच्यातले द्रावण पसरते, आणि फिरता फिरताच ते घट्ट झाले की भिंग तयार. फिरण्याचा वेग बदलला की भिंगाचा आकार बदलतो. कडा पातळ, गुळगुळीत, कुठे फाटलेली नाही.

त्या दिवशी दुपारी पहिली चार भिंगे निघाली. त्याने ती स्वतःच्या डोळ्यांत घालून पाहिली. नंबर जुळत नव्हता, पण खुपत नव्हते. बायको लिंडा ही पेशाने डॉक्टर होती, तीही कामाला लागली. अधिक साचे फिरवायचे तर डायनामो पुरेना, तेव्हा ग्रामोफोनची मोटर काढून जोडली. १९६२ सालच्या पहिल्या चार महिन्यांत या नवरा-बायकोने घरातल्या घरात साडेपाच हजार भिंगे तयार केली. बंद केलेली फाईल अशी जेवणाच्या टेबलावर पुन्हा उघडली गेली.

यापुढचा भाग मात्र वाचून राग येतो. पेटंटचे हक्क सरकारी यंत्रणेच्या हाती होते. १९६५ साली ते अमेरिकेतील एका कंपनीला विकण्यात आले. तिच्याकडून बॉश अँड लोम्ब या मोठ्या कंपनीकडे गेले. १९७१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मऊ भिंगाला मान्यता दिली आणि कोट्यवधींचा धंदा सुरू झाला. ज्याने ते टेबलावर घडवले, त्याला त्यातला अगदी किरकोळ वाटा मिळाला. श्रम एकाचे आणि नफा दुसऱ्याचा, ही गोष्ट कामगारांपुरती नाही, प्राध्यापकाच्या वाट्यालाही ती येते.

आणि एवढ्यावर संपले नाही. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियात मोकळेपणाचे वारे वाहू लागले. तिथल्या विचारवंतांनी ‘दोन हजार शब्द’ नावाचे जाहीर निवेदन काढले, त्यावर विख्टर्लेने सही केली. ऑगस्ट १९६८ मध्ये रशियाचे आणि मित्रदेशांचे रणगाडे आले, आणि त्यानंतर सह्या करणाऱ्यांची यादी पाहून हिशोब चुकते केले गेले. १९७० साली विख्टर्लेला संचालकपदावरून दूर केले. परदेशी जाण्यावर बंधने आली. जी संस्था त्याने बांधली, तिथेच तो बाजूला पडलेला माणूस झाला. वय वर्षे छप्पन्न. आपल्या कचेरीत या वयात माणूस निवृत्तीचे कागद तयार करू लागतो. त्याने संशोधन सोडले नाही. त्याच्या नावावर पुढे सुमारे १८० पेटंट जमा झाली.

तब्बल वीस वर्षांनी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, तिथली राजवट बदलली. १९९० साली वयाच्या शहात्तराव्या वर्षी विख्टर्ले त्याच देशाच्या विज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला. १९९२ अखेर देशाचे दोन तुकडे होईपर्यंत तो त्या पदावर होता. एका लघुग्रहाला त्याचे नाव दिले आहे. १८ ऑगस्ट १९९८ रोजी चौऱ्याऐंशीव्या वर्षी तो गेला. ते मेर्कुरचे यंत्र आज त्याच्या देशात अभिमानाने दाखवले जाते.

मी ही सगळी हकीगत एका रविवारी ताईच्या घरी सांगितली. दाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग नेमक्या जागी बोट ठेवले. म्हणाले, ‘‘भाऊ, माणूस मोठा खरा. पण त्याच्या बापाचा कारखाना होता. बायको डॉक्टर होती. दोनदा पदावरून काढलं तरी घरची चूल विझली नाही. आपलं एकदा काढलं तर?’’

दाजींचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. थोरांची चरित्रे सांगताना आपण हा भाग गाळतो आणि नुसती जिद्द सांगतो. जिद्द लागतेच. पण जिद्दीला बसायला टेबल लागते, टेबलाला खोली लागते आणि खोलीचे भाडे कोणीतरी भरावे लागते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात तिथे नाताळच्या सुटीत यंत्र मांडायला जागा कुठली?

म्हणून मी दाजींना दुसरे नाव सांगितले, आपल्या जवळचे. डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातील माशेल गावी १९४३ साली जन्म. वडील लहानपणीच वारले. आईने मुंबईत शिवणकाम आणि पडेल ती कामे करून मुलाला वाढवले. पोर रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करी, बराच काळ अनवाणी शाळेत जाई. शालान्त परीक्षेत गुणवत्ता यादीत आला, तरी पैशाअभावी शिक्षण सोडण्याची वेळ आली होती. टाटांच्या एका न्यासाने दरमहा ६० रुपये शिष्यवृत्ती दिली आणि शिक्षण चालू राहिले. पुढे तो मुलगा माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून डॉक्टरेट झाला, पॉलिमर आणि जेल याच विषयांत त्याने काम केले, १९८९ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक झाला आणि १९९५ साली देशभरच्या प्रयोगशाळा चालविणाऱ्या परिषदेचा प्रमुख झाला. मधे काय होते? आईचे कष्ट, पोराची बुद्धी आणि महिन्याला साठ रुपये. त्या साठ रुपयांची जागा भरून निघाली नसती तर बाकीच्या दोन गोष्टी वाया गेल्या असत्या.

आणि ही माणसे आयुष्यभर करतात तरी काय, या दाजींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आईच्याच डोळ्यात होते. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. ते आत राहिले तरी डोळा चिघळत नाही, हे लंडनच्या डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी पाहिले आणि १९४९ साली त्याच पदार्थाचे भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवले. पुष्कळ वर्षे हे भिंग आपल्याकडे परदेशातून येई आणि गरिबांना परवडत नसे. १९९२ साली मदुराईला अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी ऑरोलॅब सुरू केली, भिंगे इथेच बनू लागली आणि किंमत कितीतरी खाली आली. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप देशात बनवली, ती १९९० साली पहिल्यांदा रुग्णाला बसवली. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भाजलेल्या जखमांवर लावायची हायड्रोजेलची पट्टी तयार केली. या प्रत्येक वस्तूमागे कोणीतरी पंधरा-वीस वर्षे प्रयोगशाळेत उभे राहिलेले आहे. त्यात आपली मुले-मुली किती, हा प्रश्न आहे.

विषय डोळ्यांचा निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. मोतीबिंदू ‘पिकू द्या’ म्हणून वर्षानुवर्षे थांबण्याचे दिवस गेले. वेळेवर दाखवा, लाजू नका, घाबरू नका. आणि कॉलेजात जाणारी जी मुले-मुली कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात त्यांनी ती नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये, रात्री डोळ्यात ठेवून झोपू नये आणि डोळा लाल झाला तर लगेच लेन्स काढून डॉक्टरकडे जावे. ज्या मऊपणामुळे पाणी आत शिरते, त्याच मऊपणामुळे पाण्यातली घाणही तिथे टिकते.

त्या रविवारी मग आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. नोकरी कारकुनाची, तेव्हा जमा-खर्च मांडणे हाच माझा धर्म. दोन वर्षांची फी, प्रवास, पुस्तके एका बाजूला. दुसऱ्या बाजूला शिष्यवृत्ती, ताईची थोडी बचत, माझ्याकडून दरमहा ठरलेली रक्कम. एम.एस्सी. होऊन राष्ट्रीय पात्रता परीक्षेत वरचे गुण मिळाले तर संशोधनासाठी फेलोशिप मिळते. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आहे. ही रक्कम ऐकल्यावर दाजी सरसावून बसले. पण मी लगेच पुढचेही सांगितले. ती परीक्षा सगळ्यांना जमत नाही. फेलोशिप मिळाली तरी पैसे दर महिन्याला वेळेवर हातात पडतीलच असे नाही. मार्गदर्शक चांगला लाभेलच असे नाही. आणि नुसत्या आडनावावरून ओठ मुडपणारी माणसे प्रयोगशाळेतही असतात. हे सारे खरे आहे, आणि हे माहीत असूनच पाऊल टाकायचे आहे.

भाची इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, ‘‘मामा, पहिल्या वर्षी शनिवार-रविवार मी शिकवण्या घेईन. दुसऱ्या वर्षी परीक्षेला बसेन. दोन प्रयत्नांत नाही जमलं तर नोकरी धरेन. तेव्हा एम.एस्सी.चा पगार बी.एस्सी.पेक्षा जास्तच असेल.’’ तिचा हिशोब माझ्यापेक्षा चोख होता. दाजींनी कागद उचलला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘‘दोन वर्षं. पुढचं पुढे बघू.’’ त्यांनी होकार दिला असे मी म्हणणार नाही. त्यांनी फाईल बंद केली नाही, एवढे नक्की. त्या जूनमध्ये तिने एम.एस्सी.ला प्रवेश घेतला.

ती विख्टर्ले होईल की नाही, हे मला सांगता येत नाही, आणि तो प्रश्नही नाही. एका विख्टर्लेमागे एक लीम होता, रुग्णालयात ड्रायफुस होता, घरी लिंडा होती. नाव न छापलेले कितीतरी कारागीर होते. विज्ञानाचे काम असे अनेकांच्या हातांनी होते. त्यात एक हात आपल्या घरातला असावा, इतकेच मागणे आहे.

म्हणून वाचकांना विनंती आहे. घरात एखादे मूल ‘मला पुढे शिकायचंय’ म्हणत असेल तर ‘काय करणार शिकून?’ हा प्रश्न जरूर विचारा, पण उत्तर ऐकायला त्याच्यासोबत कागद घेऊन बसा. शिष्यवृत्त्यांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण तारीख चुकली की वर्ष जाते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वैधता प्रमाणपत्र ऐन वेळी शोधत बसू नका. ज्यांच्या पगारातून थोडेफार उरते त्यांनी वस्तीतल्या एका मुलाची किंवा मुलीची परीक्षा फी आपल्याकडे घ्यावी. आणि विहारातली अभ्यासिका रात्री दहाला बंद होत असेल तर परीक्षेच्या दिवसांत ती बारापर्यंत उघडी ठेवा. किल्ली सांभाळायला माणूस मिळत नसेल तर मला कळवा, मी येऊन बसेन.